मिसिंगचं कारण आधी, किंमत नंतर

अगं, फोनवर किती वेळ तू त्या गाडीचं कौतुक करत होतीस. रंग सांगितलास, मोठा स्क्रीन सांगितलास, मागच्या सीटवर आई आरामात बसेल म्हणालीस. आणि फोन ठेवता ठेवता हळूच म्हणालीस, "ताई, जरा मिसिंग मारते, पण विकणारा म्हणतो प्लग बदलले की झालं." बाकी सगळं राहू दे, मला त्या शेवटच्या वाक्यावरच बोलायचं आहे. पहिली गाडी आहे, स्वतःच्या पगारातून घेते आहेस, जीव अडकला असेल, मला कळतं. पण ही गाडी घेऊन तू जाणार आहेस गडचिरोली जिल्ह्यात, आलापल्लीच्या पुढे. म्हणून जरा निवांत बस अन् ऐक.

तू नर्स आहेस, तुला हे पटकन समजेल. मिसिंग, म्हणजे इंजिनाचं असं अडखळणं, हा ताप आहे. तुझ्या आरोग्य केंद्रात कुणी तापानं फणफणत आलं तर तू आधी रक्ताचा नमुना घेतेस. ताप कधी चढतो, थंडी वाजून येतो का, घाम येऊन उतरतो का, हे विचारतेस. नुसती गोळी देऊन घरी पाठवत नाहीस, कारण त्या तापामागे साधी सर्दी असेल किंवा मलेरिया असेल. गाडीचंही तेच. मिसिंगमागे काही हजारांची कॉइल असू शकते आणि लाखभराचं इंजिनकामही असू शकतं. विकणारा तुला कॉइलचा भाव सांगून इंजिनकामाची गाडी देत नाही ना, एवढंच आपल्याला बघायचं आहे. कारण कळेपर्यंत किमतीचा विषय तोंडातून काढायचा नाही. "दहा हजार कमी करतो, तुम्हीच करून घ्या" असं तो म्हणेल. त्या दहा हजारांना भुलू नकोस.

आता इंजिनात काय बिघडतं ते थोडं समजून घे, म्हणजे मेकॅनिक तुझ्यासमोर बोलेल तेव्हा तुला तोंडाकडे बघत बसावं लागणार नाही. सिलिंडरमध्ये हवा अन् पेट्रोल जातं, पिस्टन ते दाबतो, प्लगची ठिणगी पडते, जळतं, पिस्टन खाली ढकलला जातो. यातलं एक जरी चुकलं, ठिणगी, पेट्रोल, हवा किंवा दाब, तर तो ठोका वाया जातो. तोच मिसफायर, आपल्या गॅरेजच्या भाषेत मिसिंग. तू बघितलीस ती गाडी टर्बो पेट्रोल आहे, तीन सिलिंडरची. नेक्सॉनचं १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, व्हेन्यू आणि मॅग्नाइटची १ लिटरची टर्बो इंजिनं, सगळी तीन सिलिंडरचीच. गाडी न्यूट्रलवर मिनिटाला आठशे फेरे घेत उभी असली तरी प्रत्येक सिलिंडर मिनिटाला चारशे वेळा पेटतो. तिघांतला एक थांबला की तिसरा हिस्सा ताकद गेली. चार सिलिंडरची गाडी एकावर लंगडली तरी कशीबशी घरी पोचवते, तीनवाली चढावर जीव काढते.

आणि टर्बो म्हणजे काय, तर सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूच्या जोरावर फिरणारा एक छोटा पंखा. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. मिनिटाला दीड-दोन लाख फेरे मारतो तो. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरनं १९०५ साली याचं पेटंट घेतलं, म्हणजे कल्पना काही नवी नाही. पण आपल्याकडे लहान पेट्रोल गाड्यांत टर्बो सर्रास आला तो गेल्या सात-आठ वर्षांत, म्हणून आता जुन्या बाजारात अशा गाड्या दिसायला लागल्या. ध्यानात ठेवायची गोष्ट ही, की हवा जितकी दाबलेली तितकी ठिणगी उडायला अवघड. प्लग थोडा झिजलेला असेल, कॉइल कमजोर झाली असेल, तरी गाडी उभ्या उभ्या छान चालते. तू ॲक्सिलरेटर दाबलास, टर्बोनं हवा भरली, की त्याच क्षणी झटके सुरू.

म्हणूनच पहिला प्रश्न हा विचार: मिसिंग कधी मारते? नुसती उभी असताना, सकाळी पहिल्यांदा चालू करताना, की जोर दिल्यावर? जोर दिल्यावरच मारत असेल तर प्लग, कॉइल, नाहीतर गाडीतल्या पेट्रोल पंपाचा कमी पडणारा दाब. उभी असताना मारते अन् वेग घेतल्यावर सुधारते, तर कुठून तरी चोरटी हवा आत शिरते आहे, किंवा इंजेक्टर, किंवा व्हॉल्व्ह. सकाळी पहिली दोन मिनिटं मारते अन् मग गप होते, तर मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. रात्रभरात हेड गॅस्केटमधून कूलंट थेंब थेंब सिलिंडरमध्ये उतरत असेल, तर सकाळी असंच होतं. आणि तिन्ही वेळी मारत असेल तर कॉम्प्रेशन तपासल्याशिवाय त्या गाडीजवळ उभी राहू नकोस.

आता सांगते की मी एवढी का मागे लागले आहे. पुण्या-मुंबईत गाडी बंद पडली तर माणूस बाजूला घेतो, फोन करतो, तासाभरात टो-व्हॅन येते. तुझी वाट बघ: चंद्रपूर ते गडचिरोली ऐंशी किलोमीटर, मध्ये मूल, सावली, व्याहाड ही गावं अन् वैनगंगेचा पूल. तिथवर सगळं ठीक. गडचिरोलीहून चामोर्शी, आष्टी, आलापल्ली करत तू पुढे गेलीस की टर्बो पेट्रोलचं काम जाणणारा माणूस शोधावा लागतो, अन् मध्ये मध्ये मोबाइलला रेंजही नसते. रस्त्यावर लोहखनिजाचे ट्रक एकामागे एक. ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडे जायचं म्हटलं तर वाघाचा वावर, उत्तर गडचिरोलीत २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेल्या रानटी हत्तींचा कळप फिरतो. अशा ठिकाणी अंधार पडताना बोनेट उघडून उभं राहायची वेळ तुझ्यावर येऊ नये. शिवाय तुझी नोकरी अशी, की एखाद्या बाळंतिणीसाठी अवेळी निघावं लागेल. झटके देणारी गाडी तिथे कामाची नाही.

तर जायचं कधी? पहाटे. विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगून ठेव की मी सहाला येते, मी येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. उन्हाळ्यात चंद्रपूरला पारा ४५-४६ ला टेकतो, दुपारी उभ्या गाडीचं बोनेटसुद्धा चटका देतं, मग इंजिन गरम होतं की ऊन लागलं होतं हे कुणाला कळणार? पहाटे बोनेट उघड, रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या पाइपला हात लाव. गार लागला पाहिजे. कोमट लागला तर त्यानं तू यायच्या आधी गाडी तापवून ठेवली आहे, म्हणजे सकाळचं दुखणं लपवायचं आहे. भांडू नकोस, दुसऱ्या दिवशी परत येते म्हण. दुसऱ्या दिवशीही तेच झालं तर विषय संपला.

इंजिन गार असतानाच कूलंटच्या बाटलीचं झाकण उघड. तापलेल्या इंजिनचं कधीही उघडू नकोस, उकळतं पाणी अंगावर येतं. कूलंटवर तेलाचा तवंग नको, नुसतं नळाचं पाणी भरलेलं नको. मग ऑइल भरायचं झाकण काढून उलटं कर. आतून दुधाळ, फेसाळ, पिवळट काही चिकटलेलं आहे का? पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत थोडा ओलावा धरतो, पण ऑइलच्या पट्टीवरही तसंच दुधाळ दिसलं तर पाणी ऑइलमध्ये गेलंय. काळंकुट्ट, डांबरासारखं घट्ट दिसलं तर ऑइल वेळेवर बदललेलं नाही, आणि टर्बोला त्याहून मोठं विष नाही. तो पंखा ऑइलच्या पातळ थरावर फिरतो, ऑइल जळून नळीत खडखडीत झालं की बेअरिंग कोरडं पडतं.

आता चावी फिरव, पण इंजिन चालू करू नकोस. मीटरमधला चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला पाहिजे. मुळीच लागला नाही तर कुणीतरी तो बंद करून ठेवलाय, हे मी गॅरेजमध्ये स्वतः पाहिलेलं आहे. मग चालू कर. दिवा विझायला हवा. तो नुसता लागून राहिला तर बिघाडाची नोंद आहे. लुकलुकत राहिला तर गाडी त्याच क्षणी बंद करायला सांग. लुकलुकणं म्हणजे न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला भाजतं आहे. तो भागही महाग, आणि "मिसिंग मारते पण चालते" असं म्हणत महिनोन्‌महिने फिरवलेल्या गाडीत तो बहुतेक गेलेला असतो.

चालू झाल्यावर मागे जाऊन धुराच्या नळकांड्याजवळ एक वहीचा कागद धर, चार बोटं अंतरावर. चांगल्या इंजिनचा कागद एका लयीत थरथरतो. मिसिंगवाल्याचा मध्येच धाप लागल्यासारखा अडखळतो, कधी कधी उलटा आत ओढला जातो. आत ओढला गेला तर व्हॉल्व्हची शंका घे. तीन सिलिंडरच्या गाडीला जन्मजात थोडी थरथर असते, तिला घाबरू नकोस. ती एकसारखी असते. मिसिंगची थरथर बेताल असते, दोन मिनिटं सीटवर डोळे मिटून बसलीस तर फरक आपोआप कळेल. धुराचा रंगही बघ. निळसर म्हणजे ऑइल जळतं आहे. पांढरा अन् गोडसर वासाचा, इंजिन तापल्यावरही न थांबणारा, म्हणजे कूलंट. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातं आहे.

नंतर गाडी बाहेर काढ. मूल रोड किंवा बल्लारपूर रोड, सकाळी मोकळा मिळतो. एकटी जाऊ नकोस, तीन-चार जणांना बसव, एसी लाव. तिसऱ्या गिअरमध्ये पंधराशे-सोळाशे फेऱ्यांवर असताना ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण दाब. टर्बो हवा भरतो ती घडी हीच. गाडीनं न अडखळता ओढलं पाहिजे. फुस्स असा हवा सुटल्याचा आवाज, शिट्टीऐवजी भोंग्यासारखा चढत जाणारा आवाज, किंवा मध्येच ताकद गळणं, यातलं काही झालं तर तिथेच मोबाइलमध्ये आवाज रेकॉर्ड करून घे, मला पाठव. बारीक शिट्टी मात्र टर्बोला असतेच. परत आल्यावर गाडी उन्हात अर्धा तास उभी कर अन् पुन्हा चालू कर. काही कॉइल गार असताना शहाण्यासारख्या वागतात अन् तापल्या की दगा देतात, आणि आपल्या जिल्ह्यात तापण्याला तोटा नाही.

आता स्कॅनर. हे मी तुला सगळ्यात मनापासून सांगते, कारण लग्नानंतर आमच्या गॅरेजच्या काउंटरवर बिलं करता करता माझ्या हातात पहिलं यंत्र आलं ते हेच. स्टिअरिंगच्या खाली एक खाचेसारखा सॉकेट असतो, त्यात लावायचं. मोबाइलला जोडणारा छोटा स्कॅनर हजार-दीड हजारात मिळतो, नाहीतर कुठल्याही बऱ्या गॅरेजमध्ये असतो. पी ०३०० आला तर सगळीकडे विस्कळीत मिसफायर. पी ०३०१, ०३०२, ०३०३ आला तर शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी ०२९९ म्हणजे टर्बो पुरेशी हवा भरत नाही. पी ०१७१ म्हणजे पेट्रोलच्या मानानं हवा जास्त, मग चोरटी हवा शोधा.

पण खरी मेख पुढे आहे. काहीच कोड आला नाही तर खूश होऊ नकोस. बॅटरीची तार काढून किंवा स्कॅनरनंच आदल्या रात्री कोड पुसता येतात. गाडीचा कॉम्प्युटर मात्र ही गोष्ट लपवत नाही. स्कॅनरमध्ये दोन ठिकाणी बघ: कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, आणि रेडीनेस म्हणून जी यादी असते तिच्यात किती तपासण्या अपूर्ण दाखवते. आठ-दहा किलोमीटर अन् बहुतेक तपासण्या अपूर्ण, तर काल-परवा कुणीतरी पाटी कोरी केली आहे. विचार त्याला, का पुसली? त्याच्या उत्तरापेक्षा त्याचा चेहरा बघ.

समजा पी ०३०२ आला. आता मेकॅनिकला म्हण, दुसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून पहिल्यावर लाव, पहिलीची दुसऱ्यावर. इंजिन बंद करून, दोन बोल्ट काढायचे अन् लावायचे, पाच-दहा मिनिटांचं काम. कोड पुसायचा, गाडी पुन्हा तशीच जोर देऊन चालवायची. आता ०३०१ आला तर मिसिंग कॉइलबरोबर सरकलं, चोर सापडला. कोड दुसऱ्यावरच राहिला तर प्लग असेच बदलून बघायचे. तेव्हाही तिथेच राहिला तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन, आणि आता गोष्ट खर्चाकडे चालली. प्लग बाहेर आलेच आहेत तर तिन्ही ओळीनं ठेवून बघ. टोक फिकट तपकिरी असलं की बरं. ओलं काळं तेलकट म्हणजे ऑइल. वाफेनं धुतल्यासारखा एकच प्लग लख्ख स्वच्छ, म्हणजे त्या सिलिंडरमध्ये कूलंट जातं आहे. चिनी मातीचा पांढरा भाग तडकलेला किंवा टोक वितळलेलं दिसलं तर त्या इंजिननं टर्बोच्या दाबाखाली अवेळी स्फोट सोसले आहेत, पिस्टनलाही मार बसलेला असू शकतो. ती गाडी सोड.

प्लग काढलेलेच असतात तेव्हा कॉम्प्रेशन बघून घेणं सोपं. गेज लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. आकडा गाडीगणिक वेगळा, पण तिघं एकमेकांच्या जवळ हवेत, दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक नको. एक खाली आला तर मेकॅनिक त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजेल. दाब वाढला तर रिंगा झिजल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. या चाचणीचे पैसे तू दे. विकणाऱ्याच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये फुकटात करून घेऊ नकोस. निदानाचे पैसे ज्याचे, निदान त्याच्या बाजूचं.

टर्बोकडे शेवटी वळते, पण त्याला मनापासून वेळ दे. एअर फिल्टरचा डबा उघड. घुग्घुस, गडचांदूर, बल्लारपूरकडे वापरलेली गाडी असेल तर कोळसा अन् सिमेंटची धूळ, आलापल्ली-एटापल्लीकडची असेल तर लोहखनिजाची लाल धूळ. फिल्टर काळा-लाल दिसला तर हरकत नाही, त्याचं कामच ते. फिल्टरच्या पलीकडच्या, टर्बोकडे जाणाऱ्या पाइपात मात्र बोट फिरव. बोट स्वच्छ निघालं पाहिजे. तिथे धूळ लागली तर फिल्टर नीट बसत नव्हता, आणि ती धूळ लाखो फेऱ्यांनी फिरणाऱ्या पंख्यावर रेतीसारखी आदळली आहे. पाइप काढता आला तर पंख्याची पाती टॉर्चनं बघ, कडा कुरतडलेल्या नकोत. दांडा बोटानं हलवून बघायला सांग. आडवा अगदी किंचित हलतो, ते चालतं. मागेपुढे सरकता कामा नये. दाबलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरच्या पाइपात ऑइलचा पुसटसा ओलावा असतो, थेंब साचलेले नकोत. कुठे क्लॅम्प नवा कोरा अन् बाकीचे जुने दिसले तर तिथे आधी कुणीतरी हात घातलाय, का ते विचार.

वायरिंगवरही नजर फिरव. जंगलालगतच्या क्वार्टरमध्ये उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर अन् खारी घर करतात, कॉइलच्या वायरी कुरतडतात. काळ्या टेपचे सांधे, उघडी तांब्याची तार दिसली तर मिसिंगचं कारण तिथेही असू शकतं, आणि ते बरं कारण आहे. उलट मोकळा शंकूसारखा फिल्टर, बदललेला सायलेन्सर, "रीमॅप केलंय, पिकअप बघा" असली भाषा ऐकलीस तर तिथून निघ. कंपनीनं ठरवलेल्यापेक्षा जास्त हवा अन् जास्त पेट्रोल भरलेलं इंजिन आहे ते.

पुराचं विसरू नकोस. जुलै २०२२ मध्ये वर्धा, इरई, वैनगंगा सगळ्या एकदम फुगल्या, चंद्रपुरात वस्त्यांत पाणी शिरलं, कितीतरी गाड्या बुडाल्या. भामरागडला तर पर्लकोटा नदीचा पूर वर्षानुवर्षं पाचवीला पुजलेला. बुडालेली गाडी धुऊन पुसून चकचकीत करता येते, पण कनेक्टरमध्ये गेलेला गाळ महिन्यांनी मिसिंग होऊन बाहेर येतो. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ, जिथवर पाणी चढलं तिथे डागाची रेघ राहते. गालिच्याचा कोपरा उचल, सीटच्या खालच्या बोल्टांना गंज आहे का बघ, हेडलाइटच्या आत वाफ धरली आहे का बघ. विम्याची पॉलिसी मागून नो क्लेम बोनसचा टक्का वाच. क्लेम न केलेल्या वर्षांबरोबर तो २० टक्क्यांपासून चढत ५० पर्यंत जातो. जुनी गाडी, तोच मालक अन् बोनस शून्य, तर मागच्या वर्षी क्लेम घेतला होता का अन् कशासाठी, ते विचार. पाण्यातून गाडी हाकताना इंजिननं पाणी ओढलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. रॉड किंचित वाकला तरी गाडी चालते, पण त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कायमचं कमी.

"पेट्रोलमध्येच गडबड आहे हो आजकाल," हे तो म्हणेलच. अर्धं खरं आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, इथेनॉल ओलावा धरतं, आणि महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या टाकीत त्याचा त्रास होतो. आडगावात बाटलीतलं सुटं पेट्रोल घातलं असेल तर आणखीच. पण मग उपाय सोपा आहे ना? त्यानं टाकी रिकामी करून गर्दीच्या पंपावरचं ताजं पेट्रोल भरावं, शंभर किलोमीटर चालवावी, मग बोलावं. खरंच पेट्रोलचं दुखणं असेल तर गाडी तेवढ्यानं बरी होईल, अन् तो नाही म्हणायचं कारण नाही.

आता पैशांचं बोलू, निदान हातात आल्यावर. कॉइल किंवा प्लग निघाला, कॉम्प्रेशन सारखं आहे, टर्बो स्वच्छ आहे, कंपनीच्या सर्व्हिसची नोंद आहे अन् ऑइल वर्षाला किंवा दहा हजार किलोमीटरला बदललेलं आहे, तर ती गाडी घे, चांगली आहे. काम मात्र त्यालाच आधी करू दे, बिल बघ, मग शंभर-दोनशे किलोमीटरनंतर स्कॅनर पुन्हा लाव. तपासण्या पूर्ण अन् कोड नाही, तर उरलेले पैसे दे. तोवर बयाणा थोडकाच, आणि कशासाठी दिला ते कागदावर: दुरुस्तीनंतर मिसफायर राहिला तर बयाणा परत. इंजेक्टर निघाला तर गाडी बघून ठरव. व्हेन्यूच्या टर्बोसारख्या किंवा टीएसआय नावाच्या इंजिनांच्या गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये प्रचंड दाबानं फवारतात, ते इंजेक्टर महाग असतात आणि व्हॉल्व्हवर काजळीही साचते. कॉम्प्रेशन कमी, ऑइलमध्ये पाणी, पुराच्या खुणा, यातलं एक जरी असेल तर कितीही स्वस्त दिली तरी नको. पन्नास हजार कमी करून दिली तरी नको.

कागदपत्रं तू व्यवस्थित बघशील, सरकारी नोकरीत आहेस. कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र अन् फॉर्म ३५, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, विमा चौदा दिवसांच्या आत नावावर. राजुरा किंवा सिरोंचाकडून तेलंगणाच्या पाटीची गाडी स्वस्त सांगतील, तिला तिकडच्या आरटीओचं ना-हरकत पत्र लागतं अन् आपल्याकडचा रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो, तो किमतीत धर.

एक अवघड गोष्ट राहिली. विकणारा तुझ्या सहकारिणीचा दीर आहे, हे मला माहीत आहे. तू गॅरेजमध्ये गेलीस की मेकॅनिक अन् तो आपापसात बोलायला लागतील, तुला खुर्ची देतील, चहा मागवतील. बसू नकोस. बोनेटजवळ उभी राहा, कोड स्वतः वाच, गेजच्या आकड्यांचा फोटो स्वतः काढ. हवं तर तुझ्या भाऊजींना मी बरोबर पाठवते, पण प्रश्न तूच विचारायचे, ते फक्त बाजूला उभे राहतील. आणि गाडी नको असं ठरलं तर "घरी विचारून सांगते" म्हणून सुटका करून घेऊ नकोस, मग तो आठवडाभर तुझ्या सहकारिणीमार्फत मागे लागेल. सरळ म्हण, "दादा, तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी आहे, मला ही गाडी नको." आकडा सांगितला की वाद उरत नाही, आणि कुणाचं मनही दुखत नाही.